रघूदादांची अर्धी तोंडं

रघूदादांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. स्वतःच्या लग्नात ते पाटावर बसले होते असं पार्वतीवहिनी सांगायच्या, पण ‘शपथ घ्या’ म्हटलं की त्या चहा टाकायला आत निघून जायच्या. आमच्या ह्या बेटावर, बो बासें गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. दादा जेवायचे ते टेबलाभोवती फिरत. एक घास खिडकीपाशी, दुसरा दाराशी. वहिनी मध्ये उभ्या राहून ताट त्यांच्या पाठोपाठ फिरवायच्या. त्या टेबलाभोवतीची फरशी इतकी झिजली होती की वादळात पाणी आत आलं म्हणजे तिथे चांगला ओहोळ वाहायचा आणि पलीकडच्या मादामची बदकं पोहायला यायची.

बोलायला लागले की चालायलाही लागायचे. वाक्य आपल्या फाटकाशी सुरू व्हायचं आणि त्याचा शेवट ऐकायचा तर रोझ हिलपर्यंत त्यांच्याबरोबर जावं लागायचं. मी शाळेत मराठीचा मास्तर. मला वाक्यं पुरी ऐकायची सवय. माझे तीन जोड बूट त्यांच्यापायी गेले.

आरोग्य खात्यात ते पुष्कळ वर्षं कारकून होते. दातांच्या डॉक्टरांनी काय करावं, काय करू नये, याचे नियम टाइप करायचे आणि प्रती काढायच्या, हे त्यांचं काम. उभ्यानेच टाइप करायचे. मग एक दिवस साहेबाने सक्तीने खुर्ची दिली आणि दादांनी राजीनामा दिला, असं ते सांगायचे. पण बाहेर पडताना नियम सगळे डोक्यात घेऊन आले. रस्त्यात कुणी जांभई दिली तरी दादा त्याच्या दाढा बघून ‘हे काम नोंदणी झालेल्याच माणसाचं’ असं पुटपुटायचे.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. “की सान्न-ला रेस्पोंसाब?” म्हणजे, जबाबदार कोण? हा प्रश्न ते कुठेही विचारायचे. गणपतीच्या प्रसादात मीठ जास्त झालं, जबाबदार कोण? बस उशिरा आली, जबाबदार कोण? एकदा मयताला गेलो होतो. तिरडी उचलताना एका बाजूला कलली, तर दादा पुढे होऊन विचारते झाले, “डाव्या खांद्याला जबाबदार कोण?” चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मयताच्या मुलाने रडता रडता हात वर केला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकोणीसशे सत्तरचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हा दादांच्या डोक्यात ‘लाबुस कोंप्ले’ आलं.

लाबुस कोंप्ले म्हणजे अख्खं तोंड. गोष्ट अशी होती की सांत्र द फ्लाकच्या आसपासच्या उसाच्या गावांमध्ये आपल्या म्हाताऱ्या माणसांचे दात पडायचे किंवा पाडले जायचे, आणि मग तोंड तसंच राहायचं. दात काढायला एक दिवसाची मजुरी बुडायची. हिरड्या भरल्या की माप द्यायला पुन्हा बस, पुन्हा एक दिवस. कवळी बसवायला आणखी एक. दुसऱ्या खेपेला कुणी जायचंच नाही. दादा म्हणायचे, “आमच्या लोकांचं तोंड अर्ध्यावर सोडलेलं घर हाय. पाया खणलाय, छप्पर नाय.”

म्हणून त्यांनी सगळं एकत्र बांधलं. महिन्याला थोडी वर्गणी, आणि त्यात तपासणी, दात काढणं, नंतरची विचारपूस, माप, कवळी आणि दुरुस्ती. डॉक्टर सुलोचना, आपल्याच समाजातली, मुंबईत शिकून आलेली तरुण मुलगी, बो बासेंला दवाखाना होता तिचा. ती दर शनिवारी गावात यायची. तिला आणायला माझी व्हॅन आणि चालवायला मी. मधल्या दिवसांसाठी फ्लाकची निवृत्त नर्स मारी-क्लेर आणि चिनी दुकानातला टेलिफोन. रुग्ण गावात, डॉक्टर बो बासेंला, आणि मध्ये तार. त्या काळात ही चंद्रावर जाण्याइतकी धाडसी गोष्ट होती. चंद्रावर निदान लाइन लागत होती.

आणि दादांनी ठरवलं होतं की हे सगळं नियमात बसवायचं. एक स्वल्पविराम बाहेर राहता कामा नये.

पहिली अडचण जाहिरातीची. दातांच्या डॉक्टरने जाहिरात करायची नाही, असा नियम. दादांनी तो स्वतःलाही लावून घेतला. फ्लाकच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरतीनंतर ते बोलायला उभे राहिले. म्हणजे उभे होतेच, येरझारा थांबल्या एवढंच.

“मंडळी, एक व्यक्ती आहे. नाव सांगणार नाही. काय करते तेही सांगणार नाही. कशी करते, ते तर मुळीच विचारू नका. पण ज्याला दुखतंय त्याने शनिवारी इथे यावं. ती व्यक्ती हात लावेल आणि दुखणं जाईल. तुम्हाला काही दिसणार नाही, नंतर आठवणारही नाही.”

शनिवारी आम्ही व्हॅन घेऊन पोचलो तर रांग मंडळापासून बाजारापर्यंत. निम्म्या लोकांच्या हातात लिंबं होती, काहींनी काळी कोंबडी आणली होती. एक बाई सवतीचा फोटो घेऊन आली होती. डॉक्टर सुलोचना पांढरा कोट घालून उतरली तेव्हा एक म्हातारा मागच्या माणसाला म्हणाला, “आयो, लोंगानिस तर पोरगी हाय!” लोंगानिस म्हणजे आमच्याकडचा जादूटोणावाला.

सुलोचनाने कोंबडीकडे पाहिलं, मग दादांकडे. “काका, तुम्ही ह्यांना काय सांगितलंत?”

“काहीच नाही,” दादा म्हणाले. “नियमाने जेवढं सांगता येतं तेवढंच.”

तरी सांगतो, त्या दिवशी तिने जे दात काढले त्यांची रास लागली असती तर पार उंचावरच्या कुरपीपहून दिसली असती. आणि आलेले लोक पुन्हा आले. दातांसाठी.

दुसरी अडचण टेलिफोनची. रुग्णाची माहिती गुप्त राहिली पाहिजे. आता चिनी दुकानातला फोन म्हणजे तांदळाच्या पोत्यांच्या आणि खाऱ्या माशांच्या मध्ये, आणि त्याच्याभोवती सदा आठदहा माणसं. सोमवारी मारी-क्लेर फोन लावायची आणि अख्खं दुकान श्वास धरून ऐकायचं. मग दादांनी युक्ती काढली. फोनवर नाव घ्यायचं नाही, प्रत्येक रुग्णाला एका भाजीचं नाव द्यायचं. कुणी दुधी, कुणी भोपळा, कुणी ब्रेंझेल, म्हणजे वांगं.

“हालो, दोक्तेर,” मारी-क्लेर ओरडायची, कारण लाइन इतकी खरखरायची की साधं बोललेलं राजधानीच्या, पोर लुईच्या, पुढे जायचंच नाही. “ब्रेंझेलच्या खालच्या दाढेतून अजून रक्त येतंय!”

दुकानात जबड्याला पंचा बांधून उभा असलेला एकच माणूस होता. संध्याकाळपर्यंत तो गावात ब्रेंझेल झाला. त्याचा मुलगा ती-ब्रेंझेल, छोटं वांगं. नातवाच्या लग्नपत्रिकेवर खरं आडनाव छापलं तेव्हा लोकांना वाटलं छपाईत चूक झाली.

पण दादांनी फोनसाठी आणखी एक नियम केला होता, आणि त्याला कुणी हसलं नव्हतं. निदान करायचा अधिकार फक्त नोंदणी झालेल्या डॉक्टरला. नर्सने आपलं मत घालायचं नाही. डॉक्टर विचारेल ते रुग्णाला विचारायचं, रुग्ण सांगेल ते डॉक्टरला सांगायचं. बस्स.

“मिस्ये रघू,” मारी-क्लेर कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “मी चाळीस वर्षं माणसं बघितलीत. मला दिसतं ते पण सांगायचं नाही?”

“दिसतं ते सांगितलं की ते मत झालं. मत झालं की निदान झालं. निदान झालं की उद्या तुम्ही कोर्टात. तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

“म्हणजे मी तार हाय. माणूस नाय.”

“तार चुकत नाही, मारी-क्लेर,” दादा म्हणाले आणि चालू लागले.

तिसरी अडचण कवळी बसवण्याची, आणि ती त्रियोलेला आली. तिथले गणपतमामा आमचे वर्गणीदार. त्यांच्या मुलाचं लग्न. मामांची हौस अशी की व्याह्याला तोंड भरून हसून दाखवायचं. कवळी नेमकी लग्नाच्या सकाळी तयार झाली. दादा ती ओल्या रुमालात गुंडाळून, खिशात घालून पहिल्या बसने त्रियोलेला हजर. डॉक्टरला आणायचं माझ्याकडे, आणि माझी व्हॅन पांप्लमूसच्या पुढे उसाच्या शेतात शांतपणे झोपली.

मांडवात वऱ्हाड आलेलं, मामा दाराशी उभे, तोंडात काही नाही. आणि समोर दादा, खिशात मामांचे दात घेऊन मांडवाच्या खांबांमधून मागाच्या धोट्यासारखे फिरताहेत.

“दे रे रघ्या, माझं दात दे!” मामा म्हणाले. खरं तर ते ‘फे ले लघ्या’ असं काहीसं म्हणाले, पण अर्थ पोचला.

“कायद्याने ते अजून तुमचे नाहीत, मामा. डॉक्टरांनी बसवले की तुमचे.”

“मंग कोणाचं हाय? तुझं?”

“सध्या ते कोणाचेच नाहीत,” दादा म्हणाले, आणि स्वतःच घाबरून आणखी जोरात फिरू लागले.

शेवटी ते मोठ्या रस्त्यावर धावले आणि उसाच्या लॉरीपुढे हात पसरून उभे राहिले. त्या लॉरीने मागे वळून जाऊन आमच्या व्हॅनपाशी डॉक्टरला उचललं. सुलोचना उसाच्या मोळ्यांवर बसून, मांडीवर औषधांची पेटी घेऊन, लग्नघरात आली. लोकांनी आधी तिलाच नवरी समजून अक्षता टाकल्या. पुऱ्या तळत होत्या त्या पडद्यामागे तिने मामांचं तोंड उघडलं, एका बाजूला जरा घासलं, बसवलं. मामा बाहेर आले आणि व्याह्याकडे बघून असे हसले की तो दोन पावलं मागे सरला.

हे सगळं मी रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. पुढचं रंगवता येत नाही. प्रयत्न केला होता, जमत नाही.

फ्लाकच्या बाजारात सुंदराअक्का ब्रेद विकायची. ब्रेद म्हणजे आपली पालेभाजी. शेवग्याचा पाला, चुका, माठ, भोपळ्याचे वेल. विधवा, उंच, आवाज असा की ती बाजारात भाव सांगायची आणि लांब समुद्रकाठी त्रू द’ओ दूसला हॉटेलात उतरलेले गोरे घड्याळ लावायचे. एका शनिवारी सुलोचनाने तिच्या उरलेल्या दाढा काढल्या. सोमवारी मारी-क्लेर तिला घेऊन दुकानात आली. मी फ्लाकला शाळेच्या कामाला गेलो होतो, सिगारेट घ्यायला तिथेच उभा होतो.

अक्काने पदराने हनुवटी झाकली होती. दुकान पुरुषांनी भरलेलं. मारी-क्लेरने डॉक्टरचा प्रश्न विचारला, “दुखतंय का?” अक्का सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाली, “नाय.” “गिळायला त्रास?” “नाय गो. बरं हाय.” आपली कुठली म्हातारी बाई गावातल्या बाप्यांसमोर आपलं दुखणं सांगेल? मारी-क्लेरने पदर जरा बाजूला केला. हनुवटीखाली गळ्यापर्यंत सूज उतरली होती. ती मला दिसली, म्हणजे तिला दिसलीच. तिने फोनमध्ये तोंड उघडलं, मग थांबली. मग म्हणाली, “नाही म्हणते, दोक्तेर. बरं आहे म्हणते.” पलीकडून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी अक्काला श्वास घेता येईना. इस्पितळात गळ्याला चीर देऊन घाण काढली. कित्येक दिवस ती राहते का जाते असं चाललं होतं. राहिली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, “त्या रघ्याचं तोंड मला दाखवू नका.”

चौकशी झाली. पोर लुईला, खात्याच्याच एका खोलीत. अधिकारी सभ्य गृहस्थ होते, दादांच्या हाताखाली कधीकाळी शिकलेले. त्यांनी एकेकाला विचारलं. सुलोचना म्हणाली, “मी विचारायचं ते विचारलं, मला उत्तर मिळालं.” नवी डॉक्टर, नोंदणी गेली तर सगळं गेलं. मारी-क्लेर म्हणाली, “मला विचारलं तेवढंच सांगायची परवानगी होती.” मी म्हणालो, “मी व्हॅन चालवतो.” प्रत्येकाचं काम नियमात होतं. दादांनी ते तसं बसवलंच होतं.

अधिकारी कंटाळून म्हणाले, “म्हणजे डॉक्टर बरोबर, नर्स बरोबर, व्हॅन बरोबर. आणि बाई मरता मरता वाचली. मग ह्या सगळ्याला जबाबदार कोण?”

दादांचाच प्रश्न. मी त्यांच्याकडे पाहिलं. खोलीत खुर्ची रिकामी असून ते भिंतीशी पाय बदलत उभे होते. आणि त्या माणसाला सुटायची वाट उघडी होती, हे मला माहीत आहे. त्यांच्या नावावर काहीच नव्हतं. ते ना डॉक्टर, ना नर्स. कागदावर ते कुठेच नव्हते.

“मी,” ते म्हणाले. “तुकडे ह्यांचे होते. जोडणी माझी. मी प्रत्येक तुकडा नियमात बसवला आणि जोडणी मोकळी ठेवली. नर्सला दिसत होतं. मी तिचं तोंड बंद करून ठेवलं होतं. तसा नियम खात्याचा नाही. तो माझा.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “दादा, नीट विचार करून बोला.”

“बोललो.”

सुलोचना आणि मारी-क्लेर सुटल्या. लाबुस कोंप्ले त्याच दिवशी बंद. आणि दादांकडून सही घेतली की यापुढे कुठल्याही रुग्णाला कुठल्याही डॉक्टरकडे नेणार नाही, बोलावणार नाही, त्याची व्यवस्था करणार नाही.

आता बघा. लोकांची वर्गणी दादांनी परत केली. पण गावागावांत अशी माणसं होती ज्यांचे दात काढून झाले होते आणि कवळी व्हायची होती. हिरड्या नुकत्या भरत आलेल्या. अर्धी तोंडं. दादांना त्यांनी झोपू दिलं नाही. भिंतीपलीकडून मला त्यांच्या पावलांचा आवाज यायचा, आणि वहिनींचा, “अहो, निदान चपला तरी काढा!”

नियम असा होता की रुग्ण आपण होऊन, आपल्या पायाने सुलोचनाच्या दवाखान्यात गेला तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण त्यांना हे सांगणार कोण? मी सांगतो म्हटलं तर दादा उसळले, “तू म्हणजे मीच. तो पळवाटेचा धंदा झाला.” मग त्यांनी त्या अधिकाऱ्यांना गाठून सरळ विचारलं, “बाजारात उभं राहून स्वतःशी बोलणं, ही व्यवस्था होते का?”

अधिकारी म्हणाले, “दादा, देवासाठी घरी जा.”

“म्हणजे मनाई नाही,” दादा म्हणाले.

आणि फ्लाकच्या बाजारात, टोमॅटोच्या ढिगाऱ्यांमधून फिरत, दादा मोठमोठ्याने स्वतःशी बोलू लागले. “शनिवारी आपण बुवा पहिल्या बसने पोर लुईला जाणार. तिथून बो बासें. सुलोचना डॉक्टरच्या दारावरून चालत जाणार. दार उघडं असतं म्हणे. आवडतं आपल्याला चालायला.” लोकांना वाटलं चौकशीने माणूस खुळावला. पण खुळ्याचं बोलणं गावात जितकं पसरतं तितकं शहाण्याचं पसरत नाही.

त्या शनिवारी मीही त्या बसमध्ये होतो. स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या इच्छेने, हे लिहून ठेवा. बस फ्लाकहून सुटली तेव्हा तिच्यात इतकी बोळकी तोंडं होती की सगळ्या गाडीत मिळून जेमतेम दीड माणसाचे दात निघाले असते, आणि त्यातले निम्मे कंडक्टरचे. मागच्या पायरीवर दांडीला लटकलेले दादा बाहेर बघत होते.

कंडक्टर म्हणाला, “ही सगळी तुमची माणसं?”

“मो पा कोन झोत,” दादा ओरडले, मी ह्यांना ओळखत नाही. त्यावर पुढच्या बाकावरची आजी वळून म्हणाली, “अरे रघ्या, काल तर माझ्याकडं चहा पिलास!” दादांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

पोर लुईला बस बदलायची. त्रेधा उडाली. एक आजोबा चुकून महेबूरच्या गाडीत चढू लागले. दादांना हात धरता येईना, हाक मारता येईना. ते भर स्टँडवर जाग्यावर उड्या मारत पाट्या वाचू लागले, “अरे वा! ही तर बो बासेंची वाटतं! आणि ती महेबूरची, तिकडे समुद्र आहे, दातबीत काही नाही!” आजोबा उतरले.

असे शनिवार चालले. एकेक तोंड भरत गेलं. सुलोचना पडद्याआडून रस्त्यापलीकडे बघायची. तिथे बदामाच्या झाडामागे दादा उभे असायचे. आत पाऊल टाकत नसत. ती मला म्हणायची, “मास्तर, त्यांना पाणी तरी नेऊन द्या.”

सगळे आले, सुंदराअक्का नाही आली. भात पाण्यात कालवून गिळायची, असं कळायचं. बाजारात आवाज उरला नव्हता, भाव बोटांनी सांगायची.

दादा तिच्याकडे भाजीला जाऊ लागले. दाताचा विषय काढायचा नाही, तो व्यवस्थेत मोडतो. नुसती ब्रेदची जुडी घ्यायची आणि निघायचं. पहिल्या दिवशी तिने भोपळा फेकून मारला. त्यांनी तो उचलून त्याचीही किंमत दिली. वहिनी रोज ब्रेद शिजवू लागल्या. मग आमच्याकडे ब्रेद येऊ लागली. मग आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा ब्रेद खाऊ लागली.

एक दिवस मी बरोबर होतो. अक्काने जुडी हातात धरूनच ठेवली.

“का येतोस रे सारखा?”

“भाजीला, अक्का.”

“खोटं. तोंडाचं बोलायला येतोस.”

“बोलता येत नाही. सही केलीय.”

“मंग माफी मागायला पण सही केलीस?”

दादांचे पाय थांबले. मी पाहिलं, खरोखर थांबले. बाजार चालू होता, ते नव्हते.

“माझं चुकलं, अक्का. मारी-क्लेरला तुझी सूज दिसत होती. मी तिला बोलू दिलं नाही. आणि चारचौघांत तुला विचारायला लावलं. तू काय सांगणार होतीस?”

अक्काने जुडीवर पाणी शिंपडलं. गळ्यावरचा व्रण पदराने झाकला नव्हता. “जा,” म्हणाली. “भाजी घेऊन जा. पैसं नकोत.”

पुढच्या शनिवारी ती बो बासेंला दवाखान्याच्या दारात उभी. एकटी नाही. मारी-क्लेरचं मनगट धरून तिला ओढत आणलं होतं. सुलोचनाला म्हणाली, “ही बोलंल. हिला काय दिसतं ते हिला सगळं सांगू दे. मंगच मी तोंड उघडीन.”

मारी-क्लेर जी बोलायला लागली, ती दवाखाना बंद व्हायची वेळ झाली तरी बोलतच होती. सुलोचना नुसतं ऐकत होती. मग माप घेतलं गेलं. मग मेणाची कवळी तोंडात बसवून पाहिली. मग शेवटची खेप.

त्यानंतरच्याच आठवड्यात मी भारतात प्रशिक्षणाला गेलो. परत आलो तेव्हा रघूदादा नव्हते. चालता चालता गेले, असं वहिनी म्हणाल्या. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अक्काच्या त्या शेवटच्या खेपेच्या शनिवारी.

मी दवाखान्याच्या पायरीवर होतो. दार उघडलं आणि सुंदराअक्का बाहेर आली, मागे मारी-क्लेर. अक्का तोंड घट्ट मिटून उभी राहिली. गाल जरा भरलेले. तिने रस्त्यापलीकडे बघितलं. बदामाच्या झाडामागून एक कोपर आणि एक बूट दिसत होता.

“ए रघ्या!” असा आवाज निघाला की तीन खिडक्या उघडल्या. “लपतोस काय मेल्या? इकडं बघ!”

दादा झाडामागून बाहेर आले. दोन्ही हात वर केलेले, आपण काही करत नाही हे साऱ्या जगाला दिसावं म्हणून.

अक्काने तोंड उघडलं. चांगलं आ करून, वरचे, खालचे, सगळे दाखवले. उन्हात ते असे चमकले की मला डोळ्यांवर हात धरावा लागला. हे मी वाढवून सांगत नाही.

“दिसलं?” ती ओरडली. “आता ये समोर, तुला चावते!”

दादा हसायला लागले. हात वरच, आणि हसताहेत, आणि डोळ्यांतून पाणी गळतंय, ते पुसायला हात खाली आणायचं सुचत नाही. मध्ये रोझ हिलची बस येऊन उभी राहिली. माणसं चढली, उतरली. बस हलली तेव्हा अक्का कोपऱ्यावरच्या गाडीवरून गरम गातो पिमां घेऊन, तो मिरचीचा वडा कडाकडा चावत, मारी-क्लेरबरोबर स्टँडकडे निघाली होती. त्यांच्या बऱ्याच मागून दादा चालले होते, ह्या बायकांना आपण कधी पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने. आणि अक्का थोड्या थोड्या वेळाने थांबत होती, वळून तो येतोय ना ते बघत होती, मग पुन्हा चालू लागत होती.